वस्तादाचा जोडीदार

१

वस्ताद गेला, आणि परदेशातल्या, टाकानिनीच्या त्या घरात दुसऱ्यांदा चूल पेटली नाही.

वस्ताद म्हणजे मासा. दीड वीत लांब, काळपट अंगावर निखाऱ्यासारखे नारिंगी डाग, जात ऑस्कर आणि स्वभाव तालमीतल्या जुन्या पैलवानाचा. काचेपाशी कुणी नवखा उभा राहिला की आधी गालफडं फुगवून बघायचा आणि मग थेट काचेवर धडक द्यायचा. सुमेधने त्याला रुपयाएवढा असताना घरी आणला होता. कोल्हापूरचा माणूस तो, दुसरं काय नाव ठेवणार?

२०१६च्या जुलैत, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, सुमेध ऑफिसात चहाचा कप हातात असताना कोसळला तो उठलाच नाही. अडतिशीचा होता. कोल्हापुराहून आईवडील धावत आले आणि व्हिसा वाढवून घेत राहिले. संध्याकाळी सुमेधची घरी यायची वेळ झाली की वस्ताद दाराकडच्या कोपऱ्यात येऊन उभा राहायचा, कारण आल्या आल्या सुमेध त्याला खायला घालायचा. सुमेध गेल्यावरही तो येत राहिला. त्याची आई, मनोरमाकाकू, त्या वेळी टाकीपाशी खुर्ची ओढून बसत आणि दोघं मिळून वाट बघत.

असा तो वस्ताद दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टअखेर एका सकाळी तरंगताना दिसला. दोन दिवसांनी सुमेधच्या वडिलांनी, बाळासाहेबांनी, चारुदत्तला फोन केला.

चारुदत्त पेनरोजला, सुमेध नोकरीला होता त्याच कारखान्यात, इंजिनियर होता. बंद पडलेलं यंत्र का बंद पडलं हे शोधणं हे त्याचं काम. शिवाय पुण्याचा असल्यामुळे दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते शोधण्याची उपजत हौस होती ती वेगळीच. मंडळाच्या गणपतीचा हरवलेला मुकुट त्यानेच खजिनदाराच्या डिकीतून काढला होता, आणि तोही खजिनदाराला पत्ता नसताना. तेव्हापासून मराठी घरांत काही अडलं की ‘चारूला बोलवा’ असं ठरून गेलं होतं. या वेळी मात्र त्याला जायला नको वाटत होतं. सुमेध त्याचा जिवाभावाचा मित्र होता.

बाळासाहेब दारातच उभे होते.

“हळू बोल,” ते म्हणाले. “हिनं सुनेवर आळ घेतलाय. म्हणते, मनालीनंच मारलं त्याला.”

“मनालीनं? कशासाठी?”

“तिला वेलिंग्टनला नोकरी लागलीय. घर सोडायचं, तर एवढी मोठी टाकी कुठं नेणार? आदल्या संध्याकाळी तिचा हात कोपरापर्यंत टाकीत होता, हिनं डोळ्यांनी पाहिलंय. एरवी मनाली त्या माशाच्या वाटेला जात नाही.” बाळासाहेबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “शनिवारी आमचं विमान आहे, चारुदत्त. ही तिच्या हातचं पाणी पीत नाही, केळी खाऊन राहिलीय. म्हणते, इथून गेले की या घराचं नाव काढणार नाही. अरे, पोरगा गेला. आता ही सून आणि नात, एवढंच राहिलंय आमचं. तिनं मारलं असेल तर तसं सांग, पण खरं काय ते शोधून दे.”

मनोरमाकाकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी फ्रीझरमधून आइस्क्रीमचा मोठा डबा काढून ओट्यावर ठेवला. आत पांढऱ्या पंचाच्या तुकड्यात वस्ताद गुंडाळलेला होता.

“बघायचं तेवढं बघ,” त्या म्हणाल्या. “पण चिरायचं नाही. माझ्या पोराला इथल्या डॉक्टरांनी चिरलं. याला कुणी सुरी लावायची नाही.”

चारुदत्तने पंचा उघडला. वस्तादाचं तोंड आ वासलेलं होतं आणि दोन्ही कल्ल्यांमागे टेंगळं आल्यासारखी दिसत होती.

“सापडला तेव्हाही तोंड असंच होतं, काकू?”

“असंच. काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं.”

चारुदत्त टाकीकडे वळला. पाणी तपासायच्या सुमेधच्या बाटल्या कपाटात होत्या, त्यांनी पाणी तपासलं. स्वच्छ निघालं. हीटर चालू, पाणी कोमट, पंप मांजरासारखा गुरगुरत होता. विष घातलं असेल तर ते पाण्यातून नव्हे. मग त्याने मोबाइलची बॅटरी लावून तळाच्या मातीच्या नळीत डोकावून पाहिलं आणि तो थबकला.

“काका, पठ्ठ्या कुठाय?”

“असेल की नळीत. दिवसा कधी दिसलाय तो?”

चारुदत्तने पुन्हा बॅटरी मारली. नळी रिकामी होती.

२

पठ्ठ्याची हकिगत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

वस्ताद वयात आला तेव्हा सुमेधने त्याला जोडीदार शोधायला घेतला. मुलीला स्थळं बघावीत तसा तो माणूस हिंडला. पहिला आणला तो लांब मिशांचा, गुळगुळीत अंगाचा एक गरीब कॅटफिश. सकाळी शिल्लक म्हणायला काही नव्हतं. दुसरा काचेला चिकटून शेवाळ खाणारा; त्याचा वस्तादाने एक डोळा काढला आणि दुकानदाराने तो हळहळत परत घेतला. मग सुमेध आणि चारुदत्त जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून डोकं लढवायला बसले. जोडीदार हवा, पण वस्तादाच्या वाटेत यायला नको. म्हणजे तळाशी राहणारा हवा, आणि दिवसा झोपून अंधारात बाहेर पडणारा हवा. भांडण झालंच तर अंगावर चिलखत हवं.

शेवटी सापडला तो काटेरी कॅटफिश. काळ्या अंगावर सायीच्या रंगाचे पट्टे, दोन्ही बाजूंना काट्यांची रांग. पाठीवरचा आणि दोन्ही परांचा काटा तर असा, की धोका वाटला की तो ताठ उभा करून कुलूप घातल्यासारखा पक्का करतो. मग कुणाच्या बापाला मिटत नाही. वर हा गडी रात्री परांची हाडं घासून कुर्र कुर्र असा आवाजही काढायचा. सुमेध भलताच खूश झाला आणि त्याचं नाव पठ्ठ्या ठेवलं.

पण त्याने पठ्ठ्याला लगेच टाकीत सोडलं नाही. गराजमध्ये वेगळी छोटी टाकी मांडून त्याला दीड-दोन वर्षं खाऊपिऊ घातलं. “चारू, एक लक्षात ठेव,” तो म्हणायचा, “वस्तादाच्या तोंडात मावेल ते वस्तादाला खाणंच वाटतं. काटे त्याला कळत नाहीत. म्हणून पठ्ठ्या आधी वीतभर होऊ दे, मग आखाड्यात.” पठ्ठ्या वीतभर झाला, आखाड्यात उतरला, आणि नंतर चार वर्षं दोघं गुण्यागोविंदाने नांदले.

आता तो वीतभर पठ्ठ्या गायब होता. टाकीचं झाकण जड होतं, त्यातून उडी मारणं शक्य नव्हतं. तरी चारुदत्तने सोफ्याखाली, पडद्यामागे, पंपाच्या डब्यात सगळीकडे शोधलं. वस्तादाने खाल्ला म्हणावं तर वीतभर मासा दीड वीत माशाच्या घशात जात नाही.

त्याने बाही वर करून टाकीच्या तळाची वाळू बोटांनी चाळली. नळीच्या तोंडाशी त्याच्या हाताला काही बारीक काळे दाणे लागले. माशाचं खाणं नव्हतं ते. एवढे लहान, चपटे काळे दाणे टाकीत आले कुठून? विषाच्या गोळ्यांचा चुरा तर नसेल? त्याने ते हळूच कागदाच्या पुडीत बांधले.

मागे वळला तर मनोरमाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पुडी पाहिली होती.

३

चंद्रहास हा मनालीचा मामेभाऊ. शिक्षण नुकतंच संपवलेलं, नवी नवी आयटीतली नोकरी, राहायला याच घराच्या गराजशेजारच्या खोलीत. चारुदत्तने टाकीचा विषय काढताच त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

“दादा, प्रॉमिस, मी माशाला हात नाही लावला. मी फक्त ऑनलाइन ॲड टाकली होती. टाकी विकणे आहे, फिशसकट. मनालीताईला हेल्प होईल म्हणून. काकूंनी माझ्या फोनवर पाहिली ती.”

“मनालीनं सांगितलं होतं टाकायला?”

“छे! तिला कळल्यावर मला असली झापली ना! म्हणाली, वस्ताद आमच्याबरोबर वेलिंग्टनला येणार, ट्रकवाल्याशी बोल. मी बोललोसुद्धा. तो म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे काही हरकत नाही, टाकी नेऊ, मासे तुम्ही सांभाळा.”

म्हणजे मनालीला वस्ताद नकोसा झाला होता, हे कारणच बाद झालं. “हे काकूंना सांगितलंस?”

“त्या माझं ऐकून घेतायत कुठे!”

श्रिया मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. बाहेर बोटं गोठवणारा वारा आणि पोरीच्या पायांत जँडल्स, तिकडच्या रबरी चपला. ही सुमेधची एकुलती एक लेक, आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं.

“श्रिया, तू पठ्ठ्याला शेवटचं कधी पाहिलंस गं?”

“आय सॉ हिम हीप्स ऑफ टाइम्स,” ती उड्या मारता मारताच म्हणाली. “विथ अ टॉर्च. ही गॉट सो क्यूट, चारूकाका.”

“क्यूट म्हणजे?”

“लाइक, लिटल. अँड हिज स्ट्राइप्स गॉट शायनी. मम्मा सेड ही’ज ऑन अ डाएट.” मग ती थांबली आणि तिने ओठ चावला. “आय वॉझन्ट सपोज्ड टु टेल आजी. यू’र नॉट आजी, सो.”

चारुदत्त विचारात पडला. मासा डाएट करून रोड होईल, पण आखूड कसा होईल?

तो आत आला. बाळासाहेब पेपर पुढे धरून बसले होते, पण वाचत नव्हते.

“काका, गेल्या महिन्या-दीड महिन्यात मनालीचं काही वेगळं वाटलं तुम्हाला?”

बाळासाहेबांनी बराच विचार केला. “एकच. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी ती सकाळी सकाळी अवोन्डेलच्या बाजाराला म्हणून गेली, आणि रिकाम्या हातानं आली. आता तूच सांग, आपली बाई अवोन्डेलच्या बाजारातून मेथीची जुडीसुद्धा न घेता परत येते, हे कधी ऐकलंयस? मी विचारलं, तर म्हणाली, गर्दी होती.”

“हातात काहीच नव्हतं?”

“एक पिशवी होती कोटाखाली. छातीशी धरलेली. थंडीत तान्हं मूल धरावं तशी.”

४

संध्याकाळ झाली तशा मनोरमाकाकू सवयीने रिकाम्या टाकीपाशी येऊन बसल्या. चारुदत्त शेजारी जमिनीवर बसला. दाराकडच्या कोपऱ्यात आता नुसतं पाणी होतं, पण दोघांचंही लक्ष तिकडेच गेलं.

काकूंनी पस्तीस वर्षं कोल्हापुरात मुलींना गाणं शिकवलं होतं. डोळे अधू झाले, पण कान अजून शाबूत होते.

“काकू, तुम्ही इथेच दिवाणावर झोपता. पठ्ठ्याचा आवाज ऐकू येतो?”

“न यायला काय झालं? खर्ज लावल्यासारखा कुरकुरायचा. मला सोबत वाटायची त्याची. मग काही दिवस गप्प होता. पुन्हा लागला तो वरचा, कोवळा. मी यांना म्हटलं, याचा सूर बदलला. हे म्हणाले, तुझ्या कानात वाजतंय.”

“गप्प कधीपासून झाला?”

“सुमेधच्या वर्षश्राद्धापासून.”

“त्या दिवशी काय काय झालं, काकू?”

“काय व्हायचंय? तुमच्या या देशात सगळं आहे, कावळा नाही. दहाव्याला गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. गवताचा कावळा! माझं पोर तिष्ठत असेल आणि मी गवतानं त्याची समजूत काढायची?” त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. “वर्षश्राद्धाला मी मागच्या अंगणात घास ठेवला. साळुंक्या आल्या झुंडीनं, त्या मी हाकलल्या. साळुंकी म्हणजे काही कावळा नव्हे. दिवे लागेपर्यंत बसले होते.”

“आणि मग?”

काकूंनी पदर सारखा केला. कितीतरी वेळाने त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी मऊ उमटलं.

“मग शिवला घास. सकाळी कण राहिला नव्हता.”

“कोण शिवलं?”

“ते तुला कशाला हवं?” त्या म्हणाल्या. पण बोलताना त्यांची नजर टाकीकडे गेली आणि पटकन परत आली.

चारुदत्त उठून बाथरूममध्ये गेला. दार लावून त्याने खिशातली पुडी उघडली आणि एक दाणा दातांखाली चिरडला.

तीळ होते. काळे तीळ. आणि या घरात काळे तीळ एकाच दिवशी बाहेर निघाले होते.

५

मनाली गराजमध्ये खोकी भरत होती. कोपऱ्यात सुमेधची ती जुनी छोटी टाकी होती, जिच्यात पठ्ठ्या वाढला. तिच्यात नवं पाणी भरलेलं होतं आणि पंप चालू होता, पण मासा नव्हता.

चारुदत्त एका खोक्यावर बसला. “मी सांगतो, तू फक्त मान हलव. वर्षश्राद्धाच्या रात्री काकूंनी तो घास वस्तादाच्या टाकीत सोडला. तूपभात, वडा, तीळ. वस्ताद भाताला तोंड लावत नाही. पठ्ठ्या हावरट, त्यानं सगळा खाल्ला आणि फुगून मेला.”

मनालीने चिकटपट्टी खाली ठेवली.

“सकाळी पहिली तू उठलीस. तुला मेलेला पठ्ठ्या दिसला, बाजूला तीळ दिसले, आणि तू सगळं आवरून टाकलंस. रविवारी अवोन्डेलला जाऊन तशाच पट्ट्यांचा दुसरा आणलास.”

“बाजाराशेजारीच राहतो एक माणूस, मासे विकणारा,” ती म्हणाली. “त्याच्याकडे लहानच होता. बोटाएवढा. मला वाटलं, कॅटफिश म्हणजे कॅटफिश. दिवसा नळीतच असतो, कुणाला कळणार? वाढेल हळूहळू.” तिने डोळे पुसले. “सुमेधनं मला हजारदा सांगितलं असेल रे त्या माशांचं. मी हो हो म्हणायचे आणि फोन बघायचे. त्याचं बोलणं ऐकून घेतलं असतं तर…”

“मग त्या संध्याकाळी तुझा हात टाकीत का होता?”

“वेलिंग्टनला दोघांना कसं न्यायचं ते इंटरनेटवर शोधत होते. तिथे वाचलं, तोंडात मावणारा जोडीदार ठेवू नये. माझ्या पायाखालची जमीन सरकली. ही टाकी भरली आणि त्याला तिकडून काढायला गेले. नळी उचलली, तर तो निसटला आणि दगडामागे गेला. सापडेचना. तेवढ्यात आई आल्या. म्हटलं, सकाळी काढू.”

सकाळपर्यंत वस्तादाला उघड्यावर बोटाएवढं खाणं मिळालं होतं. त्याने ते गिळलं. आतल्या जिवाने काटे उभे करून कुलूप घातलं, आणि घास ना खाली उतरला ना बाहेर आला. चारुदत्तला ते वासलेलं तोंड आठवलं आणि त्याने डोळे मिटले. सुमेध असता तर धाय मोकलून रडला असता.

“आईंना सांगू नकोस, चारू,” मनाली म्हणाली. “मीच मारलं, असं सांग. ते खोटंही नाही. शनिवारी त्या जाणार आहेत. माझ्यावर राग धरून गेल्या तरी चालेल. पण आपल्या हातानं झालं, हे घेऊन त्या जायला नकोत. मेल्यासारख्या जगतायत त्या आधीच.”

“पुन्हा तुझ्याशी बोलणार नाहीत त्या. श्रियाशीसुद्धा.”

“माहितीये मला,” मनाली म्हणाली, आणि तिने पुन्हा चिकटपट्टी हातात घेतली.

चारुदत्तने गराजपासून घरापर्यंतच्या वाटेवर एक खोटं तयार केलं. साधं, यंत्राचं खोटं.

६

सगळे हॉलमध्ये जमले. श्रियाला चंद्रहासने बाहेर गुंतवून ठेवलं होतं. बाळासाहेब सोफ्याच्या कडेवर बसले आणि मनाली दाराला टेकून उभी राहिली, परक्यासारखी.

“काकू, कुणीही काही केलेलं नाही,” चारुदत्त म्हणाला. “रात्रीतून हीटर बंद पडला असणार. पाणी गार झालं आणि वस्तादाला सोसलं नाही.”

मनोरमाकाकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

“हीटरला मी रोज बाहेरून हात लावून बघते. त्या दिवशीही लावला होता, गरम होता. पुणेकरा, खोटं बोलायलासुद्धा सराव लागतो.” त्यांनी हात पुढे केला. “ती पुडी दे.”

“काकू…”

“दे म्हणते ना.”

त्याने पुडी दिली. काकूंनी ती मांडीवर उघडली. डोळे अधू, म्हणून दाणे बोटांनी चाचपले. खूप वेळ चाचपत राहिल्या.

“माझे तीळ,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दाणे पुन्हा कागदात गोळा केले.

“सुमेध फोनवर हसत सांगायचा, आई, वस्ताद भात खात नाही, पैलवान आहे ना. मला ठाऊक होतं. तरी सकाळी घास संपलेला पाहिला आणि म्हटलं, आजच्या दिवस खाल्ला त्यानं. माझ्यासाठी. सुमेधसाठी.” त्यांनी मान वर केली. “पठ्ठ्यानं खाल्ला ना तो? आणि त्यातच गेला. तो गेला म्हणून आवाज बंद झाला. मग हा बारीक आवाजाचा आला, आणि तो वस्तादाच्या घशात आहे. तोंड का उघडं राहिलं ते मला आत्ता कळतंय. बरोबर आहे माझं?”

चारुदत्तने होकारार्थी मान हलवली. आपण शोधलेलं सगळं या बाईने खुर्चीत बसून, नुसत्या कानांनी आणि बोटांच्या टोकांनी जोडलं, आणि जोडून जे हाती आलं ते तिच्याच काळजावर पडलं, हे त्याला बघवेना.

“आई, तो बारीक मासा मी आणला,” मनाली घाईघाईने म्हणाली. “चूक माझी आहे. मीच–”

“गप्प बस.” काकू उठल्या आणि तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “मी तुला खुनी म्हटलं. चार माणसांत म्हटलं. दोन शब्द बोलली असतीस तर माझं तोंड बंद झालं असतं. का नाही सांगितलंस?”

मनालीने दाराची कड धरली.

“त्या सकाळी तुम्ही भात मागून घेतला होतात, आई. वर्षभरानं. ताटात वाढलेलं संपवलंत आणि म्हणालात, अजून थोडा वाढ गं. तेव्हा पठ्ठ्या माझ्याकडे फडक्यात बांधलेला होता.” तिने ओठ घट्ट मिटले आणि पुन्हा उघडले. “मी कसं सांगणार होते?”

मनोरमाकाकूंनी सुनेच्या खांद्याला धरलं. मग त्यांना उभं राहवेना, आणि त्या तिच्या अंगावर कोसळल्यासारख्या रडल्या. सुमेध गेल्याच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. बाळासाहेबांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. तो उलटा होता.

बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. काकूंनी मऊ भातावर तूप सोडलं, ताट मनालीसमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “तू कधीपासून जेवली नाहीस ते मला दिसत नव्हतं असं समजू नकोस. जेव.” मनालीने घास घेतला, पण तो घशाखाली उतरायला वेळ लागला. काकू पाण्याचा पेला धरून शेजारी बसून राहिल्या. मग त्याच ताटात त्यांनीही हात घातला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मागच्या अंगणात, फिजोआच्या फळझाडाखाली, आइस्क्रीमचा डबा पुरला. सुरी कुणी लावली नाही. वस्ताद आणि त्याच्या घशातला तो बिननावाचा लहानगा एकत्रच मातीत गेले. मनालीने सांगितलं की थोरला पठ्ठ्याही याच झाडाखाली आहे. तिनेच त्या सकाळी तिथे नेऊन ठेवला होता. काकूंनी दोन्ही जागांवर पाणी सोडलं आणि एका चपट्या दगडावर भाताचा घास ठेवला.

कुंपणावर साळुंक्या येऊन बसल्या. त्यातली एक खाली उतरली आणि तुरुतुरु दगडापर्यंत आली.

“आजी, दॅट्स नॉट अ क्रो,” श्रिया कुजबुजली.

“नाहीच आहे, बाळा. त्या दिवशीसुद्धा हीच आली होती.” काकूंनी श्रियाचा हात धरला. “मी हिला हाकललं नसतं तर तुझ्या बाबाचे दोन्ही मासे आज जिवंत असते. हलू नकोस. खाऊ दे तिला.”

साळुंकीने घास खाल्ला. तो संपेपर्यंत अंगणात कुणी हललं नाही.

मग काकूंनी डोळे पुसले आणि मनालीकडे न बघताच विचारलं, “वेलिंग्टनला असतात का गं साळुंक्या?”

मनालीने चारुदत्तकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. साळुंकीला तिकडची थंडी मानवत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

“नसतात, आई.”

“मग पुढच्या वर्षी काय करायचं?”

“सीगल्स!” श्रिया म्हणाली. “देअर आर हीप्स, आजी. दे ईट एव्हरीथिंग.”

मनोरमाकाकूंनी चपटा दगड उचलला, पदराने पुसला आणि मनालीच्या हातात दिला.

“चालतील,” त्या म्हणाल्या. “हा घेऊन ठेव खोक्यात. पुढच्या वर्षी लागेल.”